एलीची चूक

कात्रजचा जुना घाट रात्री उतरू लागले की शेवटच्या वळणावर पुण्याचे दिवे एकदम डोळ्यांत भरतात. पूर्वी याच डोंगराच्या पायथ्याच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात दगडी नळांनी शहराला पाणी जाई. आता इथून पाण्याऐवजी वाहने वाहतात. भाजीचे टेम्पो, दुधाच्या गाड्या, ऊस आणि सिमेंट वाहणारे ट्रक, मुंबईला निघालेल्या खासगी बसगाड्या असा सारा लोंढा कात्रजच्या चौकात येऊन तुंबतो. आमच्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे या रस्त्यावर पोट भरतात. कोणी चालक आहे, कोणी क्लीनर, कोणी गॅरेजात काम करतो. त्यामुळे रात्री-अपरात्री माझा दूरध्वनी वाजला की माझ्या मनात पहिला विचार येतो तो रस्त्याचाच.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यातल्या एका रात्री तो असाच वाजला. पलीकडे एक बाई रडत होत्या. "फादर, ह्यांना पोलिसांनी धरलंय. दारू प्यायलेत म्हणतात. तुम्ही जरा याल का?"

त्यांच्या यजमानांना धर्मग्रामात सारे 'भाऊ' म्हणतात. मीही इथे तेवढेच म्हणतो. भाऊंनी उभे आयुष्य टेम्पो चालवला. खेड शिवापूर, शिरवळकडची भाजी मार्केट यार्डात पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. टेम्पो मालकाचा, मेहनत यांची. तारुण्यात त्यांना दारूचे व्यसन जडले होते आणि ते कोणापासून लपलेले नव्हते. नाताळच्या मिस्सेला ते झिंगून आल्याचे जुनी माणसे सांगत. पण त्या रात्रीच्या अकरा वर्षे आधी त्यांनी दारू सोडली होती. चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'ची सभा भरते. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना सावरत सुरू केलेल्या या चळवळीने आपल्याकडेही किती घरे वाचवली, ते ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. भाऊ त्या सभेत खुर्च्या मांडायला सर्वांत आधी येत.

मी पोहोचलो तेव्हा टेम्पोचे पुढचे चाक दुभाजकावर चढलेले होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नव्हती. भोवती पंधरा-वीस माणसे जमली होती. भाऊंचा सदरा घामाने भिजला होता. ते काहीतरी बरळत होते आणि हात धरू पाहणाऱ्या शिपायाचा हात झटकत होते. श्वास तपासण्याचे यंत्र त्या वेळी तिथे नव्हते, ते दुसऱ्या पथकाबरोबर गेले होते. म्हणून शिपायाने त्यांना रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून सरळ चालून दाखवायला सांगितले. भाऊ तीन पावले चालले, चौथ्याला झोकांडी गेली आणि ते गुडघ्यावर आले. गर्दीतून हसण्याचा आवाज आला. कोणी तरी "फुल्ल टाइट!" असेही ओरडले.

मी पुढे झालो. भाऊंनी माझ्याकडे पाहिले, पण त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. मला दारूचा वास आला, असे मला वाटले. आज प्रामाणिकपणे सांगतो, वास खरोखर आला होता की येईल अशी माझी अपेक्षा होती, हे मला त्या वेळीही ठाऊक नव्हते आणि आजही नाही.

तिथल्या अधिकाऱ्यांनी सौजन्याने विचारले, "फादर, तुम्ही यांना ओळखता. पितात का हे?"

मी म्हणालो, "पूर्वी प्यायचे."

एवढेच दोन शब्द. त्यांनी ते वहीत टिपून घेतले. त्या दोन शब्दांत एकही अक्षर खोटे नव्हते. तरीही माझ्या आयुष्यात मी दिलेली ती सर्वांत खोटी साक्ष होती. अकरा वर्षांचे तप मी गिळून टाकले आणि ज्या भूतकाळाची देवाने क्षमा केली होती, तो भर रस्त्यात पुन्हा मांडला.

वैद्यकीय तपासणीसाठी त्यांना रुग्णालयात नेले. मीही मागोमाग गेलो. एक तरुण डॉक्टर बाई ड्यूटीवर होत्या. त्यांनी भाऊंचा हात हातात घेतला, गार घाम पाहिला आणि वहिनींना विचारले, "यांना साखरेचा त्रास आहे का?" वहिनी म्हणाल्या, "हो, गोळ्या चालू आहेत. आज जेवणाचा डबा तसाच परत आलाय." डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतले. यंत्रावर आकडा आला ४२. त्यांनी लगेच शिरेतून ग्लुकोज दिले. दहा-पंधरा मिनिटांत भाऊंच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि आश्चर्याने विचारले, "फादर, तुम्ही कधी आलात?"

त्या प्रश्नाने मी जेवढा खजील झालो, तेवढा कोणत्याही आरोपाने झालो नसतो.

मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकले की रक्तातील साखर झपाट्याने उतरते. भाऊ त्या दिवशी वाहतुकीच्या कोंडीत दोन तास अडकले होते. साखर उतरली की मेंदूला इंधन मिळत नाही. घाम फुटतो, जीभ जड होते, पाय लटपटतात, माणूस चिडतो, ओळख विसरतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या साध्या माणसाच्या डोळ्यांना ही सारी लक्षणे दारूचीच वाटतात. फरक एवढाच की दारूची झिंग झोपेने उतरते, ही मात्र वेळेवर साखर मिळाली नाही तर जीवावर बेतते. आम्ही सारे मिळून त्यांना चौकीच्या बाकावर 'उतरेपर्यंत' बसवून ठेवले असते, तर काय झाले असते, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

त्या रात्री घरी आल्यावर मी शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाचा पहिला अध्याय उघडला. सेमिनरीत तो आम्ही शिकलो होतो, त्यावर मी प्रवचनेही दिली होती. शिलो येथील मंदिरात हन्ना नावाची एक दुःखी स्त्री मूल व्हावे म्हणून प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. दाराशी बसलेल्या एली या याजकाने तिला पाहिले आणि ती प्यायली आहे असे ठरवून टाकले. पवित्र शास्त्रातील ही पहिली 'मद्यपी तपासणी' म्हणावी लागेल. ती करणारा पोलीस नव्हता, याजक होता. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांवरही लोकांनी हाच आरोप केला आणि पेत्राला उभे राहून सांगावे लागले की आता कुठे सकाळचे नऊ वाजले आहेत. हन्नाचे ऐकल्यावर एलीने निदान आपला शब्द मागे घेतला आणि तिला आशीर्वाद दिला. मला तेवढे तरी करायचे होते.

आमच्या धर्मग्रामातील एका वकील भगिनीकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी मला जे सांगितले ते प्रत्येक चालकाच्या कुटुंबाला माहीत असायला हवे, म्हणून थोडक्यात मांडतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमान्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असेल, तर वाहन चालवणे गुन्हा ठरते. म्हणजे कायद्याला आकडा हवा असतो, झोकांडी नव्हे. संशयाला वाजवी कारण असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासाची चाचणी मागू शकतो. विनाकारण ती नाकारणे हे चालकाच्याच विरुद्ध जाते, म्हणून 'यंत्रात फुंकूच नका' हा गल्लीतला सल्ला कोणी मानू नये. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली पाहिजे, न झाल्यास त्याला सोडावे लागते. रक्त कसे घ्यावे याचेही नियम आपल्या राज्यात १९५९ पासून आहेत. नोंदणीकृत डॉक्टरनेच ते घ्यावे, त्या वेळी त्वचेला स्पिरिट लावू नये, कुपी मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावी. त्या रात्री परिचारिका सवयीने स्पिरिटचा बोळा घेऊन आल्या, तेव्हा डॉक्टर बाईंनी त्यांना थांबवल्याचे मला आठवले. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

वकील भगिनींनी मला आणखी एक जुना निवाडा दाखवला. बच्चूभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९७१. तोंडाला वास, चालण्यात तोल नाही, बोलणे असंबद्ध, बाहुल्या विस्फारलेल्या, अशी साक्ष डॉक्टरांनी दिली होती. पण घाबरलेल्या माणसाचीही चाल आणि बोलणे असे होऊ शकते, हे त्यांनी उलटतपासणीत मान्य केले. रक्त तपासणीला पाठवले होते, त्याचा अहवाल मात्र न्यायालयापुढे आला नाही. तेव्हा केवळ या बाह्य लक्षणांवरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निवाडा वाचताना मला भाऊंची चौथी झोकांडी दिसत होती. जे न्यायाधीशांना पन्नास वर्षांपूर्वी कळले, ते मला कळायला एका भल्या माणसाची बेअब्रू व्हावी लागली.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याने सांगितले की तिकडे रस्त्यावरच्या अशा परीक्षांचे चक्क शास्त्र बनवले आहे. टाचेला अंगठा लावून नऊ पावले जायचे, वळायचे आणि तशीच नऊ पावले परत यायचे. एक पाय सहा इंच उचलून तीस सेकंद उभे राहायचे. डोळ्यांसमोर फिरणाऱ्या लेखणीकडे बघत राहायचे आणि अधिकाऱ्याने बुबुळांचे थरथरणे टिपायचे. १९७० च्या दशकात संशोधन करून त्यांनी या तीन परीक्षा निवडल्या. पण पासष्टीपुढची माणसे, फार स्थूल माणसे, पाठीचे, पायाचे किंवा कानाचे विकार असलेली माणसे यांना त्या अवघड जातात, हे त्यांच्याच प्रशिक्षणात सांगितले जाते. तिथले वकील नेमके यावरच बोट ठेवतात. ऐकून मला वाटले, आमच्या धर्मग्रामातील अर्धी ज्येष्ठ मंडळी दिवसाढवळ्या, एक थेंब न पिता, या परीक्षेत नापास होतील. मीही होईन.

मी चौकीवर दोनदा गेलो. माझे म्हणणे अकरा वर्षांपूर्वीच्या काळाबद्दलचे होते, त्यानंतर मी या गृहस्थांना कधीही प्यायलेले पाहिलेले नाही, असा लेखी जबाब दिला. डॉक्टरांचा कागद होताच. काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. रक्तात मद्यार्क आढळला नव्हता. प्रकरण मिटले. पण तोवर मालकाने टेम्पोवर दुसरा माणूस ठेवला होता, आणि गुरुवारच्या सभेला भाऊ दोन महिने आले नव्हते. "येऊन काय सांगू, फादर? खरं सांगितलं तरी लोक म्हणणार, पिणारा असंच बोलतो." मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं? तुम्ही खरंच बोललात." हे वाक्य त्यांनी कुत्सितपणे म्हटले असते, तर मला सोसले असते. ते त्यांनी मनापासून म्हटले.

ही गोष्ट इथेच संपली असती, तर मी ती लिहिली नसती. परंतु दीड वर्षाने नाताळनंतर चौथ्या दिवशी एक सुस्थितीतील गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. नाताळच्या रात्री मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर मुलगा मित्रांबरोबर गेला आणि पहाटे बायपासवर नाकाबंदीत सापडला. यंत्राने ७८ चा आकडा दाखवला. मुलाने काहीच लपवले नाही, मित्राच्या घरी प्यायलो असे तो माझ्यासमोर म्हणाला. वडिलांना माझ्याकडून दोन ओळींचे पत्र हवे होते. 'हा त्या रात्री मिस्सेला हजर होता आणि त्याने दोन्ही रूपांतील ख्रिस्तप्रसाद घेतला', एवढेच. त्या रात्री आम्ही द्राक्षारसात बुडवलेला ख्रिस्तप्रसाद दिला होता, हे खरे होते. त्यांच्या मागणीत एकही अक्षर खोटे नव्हते.

मला लगेच माझे ते दोन शब्द आठवले.

या बाबतीत मला स्वतःचाही अनुभव होता. एकतीस डिसेंबरची आभारप्रदर्शनाची मिस्सा आटोपून मी कात्रजला एका आजारी आजींना ख्रिस्तप्रसाद द्यायला निघालो होतो. चौकात अडवले आणि यंत्र पुढे आले. माझ्या छातीत धडधडले, कारण पाऊण तासापूर्वीच मी पेल्यातील रस प्यायलो होतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे तो द्राक्षांपासून बनलेला, निर्भेळ रसच असावा लागतो. १९९४ मध्ये कायद्याची दुरुस्ती होऊन ३० मिलिग्रॅमची मर्यादा येईपर्यंत रक्तात मद्यार्क 'कितीही अल्प' असला तरी गुन्हा होता. काटेकोरपणे पाहिले, तर तेव्हाचा प्रत्येक धर्मगुरू मिस्सेनंतर लगेच स्कूटरला किक मारताना जोखमीतच होता! मी फुंकले. शून्य आले. दोन-तीन चमचे रसाचा तोंडातील अंश पंधरा मिनिटांत ओसरतो आणि रक्तात जाणारा भाग अगदी नगण्य असतो. यंत्र तोंडातला नव्हे, तर फुप्फुसाच्या तळातला श्वास मोजू पाहते. म्हणूनच खोकल्याचे औषध किंवा चूळ भरण्याचे औषध नुकतेच घेतलेल्याला थोडे थांबवून मग फुंकायला लावणे योग्य ठरते. मिस्सेनंतर तीन तासांनी ७८ चा आकडा ख्रिस्तप्रसादाच्या एका थेंबाने येत नाही, हे मला ठाऊक होते. तेव्हा ते पत्र लिहिणे म्हणजे ख्रिस्ताच्या रक्तामागे एका मुलाची दारू लपवणे झाले असते.

मी नाही म्हणालो. वडील संतापले. "त्या टेम्पोवाल्यासाठी तुम्ही दोनदा चौकीवर गेलात. माझ्या मुलासाठी दोन ओळी लिहिता येत नाहीत?"

त्यांचा प्रश्न मी टाळला नाही. मी म्हणालो, "तुमच्या वकिलांना अवश्य लढू द्या. यंत्र तपासलेले होते का, नोंद नीट झाली का, वेळ पाळली का, हे सारे त्यांनी विचारावे. तो तुमच्या मुलाचा हक्क आहे आणि हे सिद्ध करणे ही सरकारची जबाबदारी आहे. आज तुमच्या मुलासाठी ते प्रश्न विचारले गेले नाहीत, तर उद्या एखाद्या भाऊंसाठीही विचारले जाणार नाहीत. पण मला साक्षीला बोलावता, तेव्हा मी फक्त जे खरे आहे तेच सांगणे पुरेसे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात जे खोटे उभे राहील, त्याचाही हिशेब मला द्यावा लागेल."

वडील निघून गेले. बरेच महिने ते कुटुंब दुसऱ्या चर्चमध्ये मिस्सेला जात असे. मुलाने शेवटी न्यायालयात गुन्हा कबूल करून दहा हजार रुपये दंड भरला, असे कानावर आले. तो रस्त्यात भेटला तर मान हलवतो, बोलत नाही. मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो. कधी तरी तो बोलेल.

वाचकहो, १९ मे २०२४ च्या पहाटे आपल्याच शहरात, कल्याणीनगरात, एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा सारे शहर हादरले. त्या मोहोरबंद कुपीचे महत्त्व तेव्हा सर्वांना कळले. निर्दोषाला वाचवणारी कुपी तीच आणि दोषीला पकडणारीही तीच. तिच्याशी खेळणारा दोघांचाही घात करतो. नशेने किंवा वेगाच्या हौसेने रस्त्यावर आपला व इतरांचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषाचा धनी होतो, असे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. ती पाचव्या आज्ञेची बाजू झाली. पण तिच्याच शेजारी आठवी आज्ञा उभी आहे. पाचवीच्या रक्षणासाठी आठवी मोडता येत नाही, आणि आठवीच्या आडोशाला लपून पाचवीतून सुटताही येत नाही.

भाऊ आता दुसऱ्या मालकाकडे टेम्पो चालवतात. त्यांच्या गाडीत स्टिअरिंगशेजारी खडीसाखरेची डबी असते आणि खिशात 'मला मधुमेह आहे' असे लिहिलेले कार्ड. ते कार्ड वहिनींनी प्लास्टिकमध्ये घालून दिले आहे. गुरुवारच्या सभेला खुर्च्या मांडायला ते पुन्हा सर्वांत आधी येतात. मागच्या आठवड्यात मी त्या खोलीत सहज डोकावलो, तर एकटेच खुर्च्या लावत होते. मला पाहून हसले आणि म्हणाले, "जेवलोय, फादर. गोळीपण घेतलीय."

मी आत गेलो आणि उरलेल्या खुर्च्या त्यांच्याबरोबर लावल्या.